नियमाचा आकार : विज्ञानातून आलेली भौमितिक अमूर्त चित्र-शिल्पकला

(भिलाई येथील मराठी व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

भौमितिक अमूर्त कलेत झाड, माणूस, नदी अशी ओळखीची वस्तू दाखवलेली नसते. रेषा, वर्तुळ, चौकोन, वक्र पृष्ठे आणि त्यांच्यामधली अंतरे हाच चित्राचा किंवा शिल्पाचा सगळा ऐवज असतो. गेल्या शंभर वर्षांत या कलेचा एक मोठा प्रवाह विज्ञानाच्या काठाने वाहत आला. गणित, भौतिकी, खगोलशास्त्र, स्फटिकशास्त्र आणि धातुविज्ञान यांतून त्याला विषय मिळाले, रीत मिळाली आणि सामग्रीही मिळाली.

विज्ञानाशी असलेले हे नाते तीन तऱ्हांचे आहे. पहिल्या तऱ्हेत कलावंत विज्ञानाने शोधलेला आकार घेतो : स्फटिकातली अणूंची मांडणी, लहरीचा आलेख, दीर्घिकेचे सर्पिल. दुसऱ्या तऱ्हेत तो विज्ञानाची रीत घेतो, म्हणजे आधी नियम ठरवतो आणि त्या नियमातून जे रूप निघेल ते शेवटपर्यंत नेतो. तिसऱ्या तऱ्हेत पदार्थाचा गुणधर्म रूप ठरवतो. पोलादाची तार किती ताण सोसते, पत्रा किती वाकतो, काच किती प्रकाश आरपार जाऊ देते, यावर शिल्पाची घडण बेतलेली असते.

पाठ्यपुस्तकातली आकृती आणि अशी कलाकृती यांत फरक आहे. आकृतीतली माहिती कळली की आकृतीचे काम संपते. कलाकृतीत नियम कळल्यानंतरही पाहण्यासारखे पुष्कळ उरते, कारण प्रमाण, रंग, वजन, उंची आणि जागा नियमाने ठरत नाहीत, ती कलावंताने ठरवलेली असतात. या कलेची परीक्षा त्या निवडीवरच करायची असते.

रशियातील आरंभ

डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राड येथे ‘०,१०’ नावाचे प्रदर्शन भरले. त्यात काझिमिर मालेविच यांचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा काळा चौकोन प्रथम लोकांसमोर आला. त्याच प्रदर्शनातल्या त्यांच्या काही चित्रांच्या नावांत चौथ्या मितीचा उल्लेख होता. लांबी, रुंदी, उंची यांपलीकडच्या मितीची चर्चा त्या काळी युरोपभर चालू होती आणि रशियन चित्रकारही ती ऐकत-वाचत होते.

मालेविच यांच्याकडे विज्ञान सूचनेपुरते होते. नाऊम गाबो यांच्याकडे ते शिक्षणातून आले. गाबो १८९० मध्ये ब्र्यान्स्क येथे जन्मले. त्यांच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. १९१० पासून म्युनिकमध्ये त्यांनी आधी वैद्यक, मग निसर्गविज्ञाने आणि अभियांत्रिकी यांचा अभ्यास केला. शिल्प घडवायचे म्हणजे दगड फोडायचा किंवा माती थापायची, ही समजूत त्यांनी सोडून दिली. घनाच्या सहा बाजू बंद केल्या तर ठोकळा दिसतो. त्याच घनाच्या आत कर्णावर उभे पत्रे बसवले आणि बाजू उघड्या ठेवल्या तर घनाचा आकार राहतो आणि आतली पोकळीही डोळ्यांना दिसते. हा फरक दाखवणारे दोन घन त्यांनी १९३० मध्ये मुद्दाम शेजारी-शेजारी मांडले.

१९१९-२० मध्ये त्यांनी एक उभी धातूची कांब विजेच्या मोटरीने कंप पावेल अशी बसवली. मोटर थांबलेली असताना समोर फक्त एक सरळ कांब असते. मोटर सुरू झाली की कांब थरथरते आणि डोळ्यांना हवेत एक पारदर्शक, फुगीर आकार दिसू लागतो. भौतिकीत ज्याला स्थिर लहर म्हणतात, तिचे हे शिल्प आहे. यात वस्तुमान जवळजवळ नाही. सगळे रूप काळातून घडते. ऑगस्ट १९२० मध्ये गाबो आणि त्यांचे बंधू आंत्वान पेवस्नर यांनी मॉस्कोत जाहीरनामा काढून हेच तत्त्व मांडले : कलेचा पाया अवकाश आणि काळ यांवर असावा, वस्तुमानावर नव्हे.

याच सुमारास व्लादिमिर तातलिन यांनी कम्युनिस्ट पक्षांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्मारकाचा आराखडा केला. चारशे मीटर उंचीचा, पृथ्वीच्या आसासारखा कललेला लोखंडी सर्पिल सांगाडा आणि त्याच्या आत वेगवेगळ्या गतीने फिरणारी दालने, अशी ही कल्पना होती. घनाकार दालन वर्षातून एक फेरी घेणार होते, पिरॅमिडच्या आकाराचे महिन्यातून एक आणि दंडगोल दिवसातून एक. प्रतिकृती तयार झाली, मनोरा कधीच उभा राहिला नाही. पोलादाला खगोलीय काळाशी जोडण्याची कल्पना मात्र कलेच्या इतिहासात राहिली.

सोव्हिएत संघात १९३४ पासून समाजवादी वास्तववाद ही अधिकृत शैली झाली आणि गाबो-तातलिन यांचा हा प्रवाह, म्हणजे रचनावाद, मागे पडला. गाबो १९२२ मध्येच देशाबाहेर गेले होते. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या वेळी इथे सोव्हिएत तंत्रज्ञान आले, सोव्हिएत अभियंते आले, पण पोलादाकडे कला म्हणून पाहणारी रशियातलीच ती परंपरा आली नाही. मायदेशातच तिला जागा उरलेली नव्हती.

गणिताचे पृष्ठ

सरळ रेषांनी वक्र पृष्ठ तयार होते, ही गोष्ट गणिताबाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. समान आकाराची दोन वर्तुळे एकावर एक धरून त्यांच्या परिघांमध्ये उभे दोरे ताणावेत आणि मग वरचे वर्तुळ थोडे फिरवावे. प्रत्येक दोरा सरळच राहतो, पण सगळ्या दोऱ्यांचा मिळून कमरेत बारीक असा आकार बनतो. त्याला हायपरबोलॉइड म्हणतात. व्लादिमिर शुखोव यांनी १८९६ मध्ये निझ्नी नोवगोरोद येथे याच तत्त्वावर लोखंडी मनोरा बांधला. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचे शीतक मनोरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आकार ओळखीचा आहे.

अशा पृष्ठांचे दोऱ्यांचे नमुने एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये तेओदोर ओलिविए यांनी शिकवण्यासाठी बनवले होते. पुढे ते संग्रहालयांच्या कपाटांत गेले आणि तिथे कलावंतांच्या नजरेस पडले. हेन्री मूर यांनी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ते पाहिले आणि १९३७ पासून तारा व दोरे ताणलेली शिल्पे केली. मॅन रे यांनी पॅरिसच्या आंरी प्वांकारे संस्थेतल्या नमुन्यांची छायाचित्रे घेतली. गाबो यांनी १९४० च्या दशकात पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीवर नायलॉनचे धागे ताणून अशी पृष्ठे घडवली. मूर यांच्या हाती गणिती नमुना मानवी देहाकडे वळला. गाबो यांनी तो शुद्ध ठेवला. नमुना एकच असूनही दोन कलावंतांनी दोन वाटा धरल्या, याचा अर्थ गणित कलावंताचा हात बांधत नाही.

रीतीच्या बाजूने सर्वांत काटेकोर काम स्वित्झर्लंडच्या माक्स बिल यांचे आहे. चित्र रंगवायला घेण्यापूर्वीच ते मनात पूर्ण ठरलेले असावे, असे तेओ फान दूसबुर्ग यांनी १९३० मध्ये मांडले होते. बिल यांनी ते शब्दशः पाळले. १९३५ ते १९३८ या काळात त्यांनी एकाच विषयावर पंधरा चित्रे केली. समभुज त्रिकोणापासून सुरुवात करून एकेक बाजू वाढवत अष्टकोनापर्यंत जाणारी एक अखंड रेषा हा त्यांचा विषय होता. नियम एकच, पण रंग कुठे भरायचा, रेषा ठेवायची की टिंबे, वर्तुळे काढायची की नाहीत, यानुसार प्रत्येक चित्र वेगळे झाले.

याच सुमारास बिल यांनी एका पट्टीला पीळ देऊन तिची टोके जोडली आणि ‘अनंत पट्टी’ हे शिल्प केले. या पट्टीला एकच बाजू आणि एकच कड असते. तिच्यावरून बोट फिरवत गेल्यास कड न ओलांडता ते संपूर्ण पृष्ठावरून फिरून मूळ जागी येते. मोबियस आणि लिस्टिंग या जर्मन गणितज्ञांना ही पट्टी १८५८ मध्ये सापडली होती. बिल यांना ते नंतर कळले. १९४९ मध्ये त्यांनी समकालीन कलेतील गणिती विचारपद्धतीवर निबंध लिहिला आणि १९५१ च्या पहिल्या साओ पाउलो द्वैवार्षिकीत त्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या ‘त्रिभागी ऐक्य’ या शिल्पाला शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले. ब्राझीलमध्ये त्यानंतर भौमितिक कलेची मोठी पिढी उभी राहिली.

लोखंडाच्या आतला घन

माक्स फोन लाउए यांच्या १९१२ च्या प्रयोगाने आणि ब्रॅग पिता-पुत्रांच्या पुढच्या कामाने क्ष-किरणांच्या मदतीने स्फटिकातील अणूंची मांडणी वाचता येऊ लागली. दिसत नसलेल्या जगाची भूमिती अशी प्रथमच हाती आली. केंब्रिजच्या स्फटिकशास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांना त्या आराखड्यांत नक्षी दिसली. त्यांच्या पुढाकाराने १९५१ च्या ब्रिटन महोत्सवासाठी इन्सुलिन, हीमोग्लोबिन आणि अनेक खनिजांच्या स्फटिकरचनांवरून कापड, भिंतीचे कागद आणि काचसामान तयार झाले. हे उपयोजित कलेचे काम होते. स्फटिक इथे बेलबुट्टीच्या जागी आला.

लोखंडाचा स्फटिक मात्र प्रचंड शिल्प होऊन उभा राहिला. साध्या तापमानाला शुद्ध लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक अशा एककांनी रचलेले असतात. हे एकक १६५ अब्ज पटींनी मोठे करून अभियंता आंद्रे वॉटरकेन यांनी १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी ‘अॅटोमियम’ उभारले. त्याची उंची १०२ मीटर, नऊ गोल, आणि प्रत्येक गोलाचा व्यास १८ मीटर. लोखंडाच्या एककाची बाजू सुमारे २.८७ अँगस्ट्रॉम असते. तिला १६५ अब्जांनी गुणले की सुमारे ४७ मीटर येतात आणि अॅटोमियमचे माप त्याच्याशी जुळते. मूळचा अॅल्युमिनियमचा पत्रा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील दुरुस्तीत काढून त्या जागी स्टेनलेस स्टील बसवण्यात आले.

अॅटोमियममध्ये आकार विज्ञानाने दिलेला आहे, त्यामुळे त्याला शिल्प म्हणावे की नमुना, असा प्रश्न पडतो. उत्तर त्याच्या ठेवणीत आहे. वॉटरकेन यांनी घन आडवा न ठेवता एका कोपऱ्यावर उभा केला. त्यामुळे खाली एक, वर तीन, मध्ये एक, पुन्हा तीन आणि शिखरावर एक असे गोल येतात. चौकोनी पेटीसारखा दिसला असता असा घन या ठेवणीमुळे आकाशाकडे झेपावतो. लोखंडाच्या भूमितीत अशी ठेवण सांगितलेली नाही. ती माणसाने निवडली आणि तिथे नमुन्याचे शिल्प झाले.

लोखंडाची हकीकत इथे संपत नाही. तापमान ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेले की शुद्ध लोखंडाचे अणू मांडणी बदलतात. मधला अणू जातो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. पहिल्या मांडणीत अणूंनी सुमारे ६८ टक्के जागा व्यापलेली असते, दुसरीत सुमारे ७४ टक्के. १३९४ अंशांवर पहिली मांडणी परत येते आणि १५३८ अंशांवर लोखंड वितळते. भिलाईच्या रेल मिलमधून बाहेर पडलेला लालभडक रूळ थंड होतो तेव्हा त्याच्या आतही अणूंची अशी फेरमांडणी होत असते. पोलादातल्या कार्बनमुळे मात्र तिचे तापमान खाली येते.

ताणावर उभे शिल्प

तिसऱ्या तऱ्हेचे उत्तम उदाहरण केनेथ स्नेल्सन यांचे आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात ते बकमिन्स्टर फुलर यांच्या हाताखाली शिकत होते. एकमेकांना न टेकणाऱ्या काठ्या आणि त्यांना जोडणाऱ्या ताणलेल्या तारा, एवढ्यावर तोल सांभाळणारी रचना त्यांनी तयार केली. फुलर यांनी तिला ‘टेन्सेग्रिटी’ हे नाव दिले. वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयातला स्नेल्सन यांचा ‘नीडल टॉवर’ १९६८ चा, सुमारे १८ मीटर उंच. अॅल्युमिनियमच्या नळ्यांनी दाब घेतला आहे आणि स्टेनलेस स्टीलच्या तारांनी ताण. एकही नळी दुसऱ्या नळीला टेकत नाही. खाली उभे राहून वर पाहिले की नळ्या आणि तारा यांतून षट्कोनी तारे एकात एक दिसतात. बल डोळ्यांना दिसत नाही. या शिल्पात प्रत्येक बलाची दिशा धातूच्या रेषेने दाखवलेली आहे.

भारतातील पूर्वपीठिका

भारतात विज्ञानासाठी बांधलेली आणि शिल्प म्हणून पाहिली जाणारी सर्वांत मोठी भौमितिक रूपे म्हणजे सवाई जयसिंह यांच्या अठराव्या शतकातील वेधशाळा. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे त्या बांधल्या गेल्या. जयपूरच्या सम्राट यंत्राचा जिना सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याचा उतार त्या गावाच्या अक्षांशाएवढा, म्हणजे २७ अंशांचा आहे. त्यामुळे त्याची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते आणि तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर समान वेळेत समान अंतर चालते. हेच यंत्र उज्जैनला बांधताना उतार त्या गावच्या अक्षांशाप्रमाणे बदलावा लागला. उज्जैनच्या वेधशाळेचा १९२३ मध्ये शिंदे संस्थानाने जीर्णोद्धार केला आणि पुढे तिची व्यवस्था मराठी ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांनी पाहिली. शिल्पकार इसामु नोगुची यांनी या यंत्रांची छायाचित्रे घेतली. त्यांच्या उद्यानांतल्या आणि चौकांतल्या कामावर या यंत्रांची छाप आहे.

नागपूर आणि मुंबई

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे तो १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या प्रांताचा भाग होता. या प्रांताने आधुनिक भारतीय अमूर्त कलेला तीन मोठी नावे दिली. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले. शंकर पळशीकर भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे. हे गाव दुर्ग-भिलाईतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरच आहे. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला भागातील बाबरिया येथे जन्मले आणि १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले.

या तिघांपैकी भूमितीशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव रझा यांचे. त्यांच्या शालेय वयात नंदलाल झारिया या शिक्षकांनी त्यांचे चंचल मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहायला बसवले, ही आठवण रझा स्वतः सांगत. १९८० च्या आसपास तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रात आला आणि त्यातून वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांची चित्रमालिका सुरू झाली. ही चित्रे भौमितिक असली तरी त्यांना विज्ञानप्रेरित म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांची मुळे पंचमहाभूते, पुरुष-प्रकृती आणि तंत्रमार्गातील यंत्रचित्रांच्या परंपरेत आहेत. पळशीकरांच्या तांत्रिक प्रतीकांचेही तसेच. गायतोंडे यांच्या थरांच्या चित्रांत तर भूमितीही विरून जाते. केवळ वर्तुळ किंवा त्रिकोण दिसला म्हणून चित्राचा विज्ञानाशी संबंध जोडणे, ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे.

विज्ञानाच्या रीतीजवळ जाणारे काम मुंबईत आणि बडोद्यात झाले. नसरीन मोहम्मदी यांनी १९७० च्या दशकापासून कागदावर पेन्सिल आणि शाईने, वास्तुरेखाटनाची उपकरणे वापरून चित्रे केली. समांतर रेषा, त्यांच्यातले क्रमाने वाढत जाणारे अंतर आणि तिरप्या रेषांचे जाळे यांखेरीज त्यांत काहीही नाही. रेषांची जाडी आणि अंतर यांतल्या अगदी सूक्ष्म बदलाने कागद खोल झाल्यासारखा वाटतो. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले.

अकबर पदमसी यांनी मुंबईत १९६९ मध्ये चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांची संयुक्त कार्यशाळा सुरू केली. तिथे १९७० मध्ये त्यांनी ‘सिझिजी’ हा लघुपट केला. बिंदू आणि रेषा यांच्या अंकाधारित रचनांतून तयार केलेल्या रेखाटनांचे राम मोहन यांनी चलच्चित्रण केले. संगणक कलावंतांच्या हाती नव्हता त्या काळात नियमाने चित्र निर्माण करण्याचा हा भारतातला मोठा प्रयोग होता.

शिल्पात आदि दाविएरवाला यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचे शिक्षण औषधनिर्मितीच्या रसायनशास्त्राचे. शिल्पकला ते नारायण गणेश पानसरे यांच्याकडे शिकले. लाकूड आणि दगडापासून सुरुवात करून ते धातूच्या जोडकामाकडे आले आणि भारतीय शिल्पात वेल्डिंगला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या सगळ्या घडामोडींना पाठबळ देणारी एक संस्था विज्ञानाचीच होती. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीसाठी आणि आवारासाठी समकालीन चित्रे व शिल्पे विकत घेतली. तिथल्या भिंतीवरचे चित्रकार हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भित्तिचित्र १९६० च्या दशकातले. शास्त्रज्ञाने आपल्या कामाच्या जागी कलेला स्थान दिल्याचे ते ठळक उदाहरण आहे. मात्र संग्रहातली बहुतेक चित्रे विज्ञानावर नव्हती. शास्त्रज्ञ आणि चित्रकार एका छताखाली आले, एका नियमाखाली आले नाहीत. ती पुढची पायरी पुण्याला गाठली गेली.

आयुका : खगोलशास्त्राचे आवार

खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजे आयुका, १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झाले. संस्थापक संचालक जयंत नारळीकर आणि वास्तुकार चार्ल्स कोरिया. इमारतीतूनच विश्वाच्या आजच्या आकलनाची जाणीव व्हावी, असा हेतू आराखड्यामागे होता. भारतीय देवळे आणि स्तूप यांनी आपापल्या काळातली विश्वरचनेची कल्पना दगडात मांडली. तेच काम विसाव्या शतकाच्या विज्ञानासाठी करण्याचा हा प्रयत्न.

भिंती काळ्या दगडाच्या आहेत. खाली स्थानिक बेसाल्ट, वर कडाप्पा आणि त्याच्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट. वर जावे तसा दगड गुळगुळीत होतो आणि शेवटच्या थरात आकाशाचे प्रतिबिंब पडते. मधल्या चौकात पायऱ्यांचे कुंड आहे. त्याची रचना जुन्या पुष्करणीची, पण त्यातून फरशीचे दगड तिरपे बाहेर फेकल्यासारखे पसरतात. मध्याकडे ओढणारी जुनी रचना आणि मध्यापासून दूर जाणारे प्रसरणशील विश्व, दोन्ही एकाच जमिनीत मांडलेली आहेत. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. ते सोडले तर आवाराची बाकी भाषा अमूर्त आहे.

एका अंगणाच्या फरशीत सिअरपिन्स्की त्रिकोण आहे. समभुज त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की चार लहान त्रिकोण होतात. त्यांतला मधला काढून टाकायचा आणि उरलेल्या तिघांवर तेच करत राहायचे. प्रत्येक पायरीला क्षेत्रफळ आधीच्या तीन-चतुर्थांश होते, म्हणजे शेवटी शून्याकडे जाते, आणि कडांची लांबी मात्र वाढतच राहते. अशा आकृतीची मिती एकही नसते आणि दोनही नसते. ती सुमारे १.५८५ येते. वाट्स्वाफ सिअरपिन्स्की यांनी ही आकृती १९१५ मध्ये, म्हणजे मालेविच यांनी काळा चौकोन मांडला त्याच वर्षी, वर्णिली. फरशीत अर्थातच काही पायऱ्यांनंतर थांबावे लागते. किती पायऱ्यांनंतर थांबायचे, हा निर्णय डोळ्याचा आणि फरशी बसवणाऱ्या गवंड्याचा असतो.

दुसरीकडे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक वक्र आकृती आहे. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाची ती सीमारेषा. दोन्ही पाळ्या जिथे मिळतात त्या बिंदूतून एका ताऱ्याचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहू शकते. फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसला दाखवलेला लंबकही आयुकात आहे. लंबकाच्या झोक्याची दिशा किती वेगाने फिरत दिसते हे गावाच्या अक्षांशावर अवलंबून असते. पुण्याला पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. भिलाईला असा लंबक टांगला तर सुमारे ६६ तास लागतील.

आयुकातल्या कामाचे वेगळेपण यात आहे की त्यातली प्रत्येक आकृती त्या विषयावर रोज काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या सहवासात ठरली. नियम चुकला असता तर तो तिथल्या माणसांनी लगेच पकडला असता. आकृतीखाली सूत्र लिहिलेले नसले तरी फरशीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला ती आकृती मोजून पाहता येते.

कारखाना हीच कार्यशाळा

पोलादाच्या शिल्पाला मोठी जागा, याऱ्या, कापणी, वेल्डिंग आणि अनुभवी हात लागतात. एकट्या शिल्पकाराच्या आवाक्यातले हे काम नाही. म्हणून जगात अनेक ठिकाणी पोलाद कारखान्यांनी कलावंतांना दार उघडले. १९६२ मध्ये इटलीच्या इतालसिदेर या पोलाद कंपनीने स्पोलेतो येथील प्रदर्शनासाठी शिल्पकारांना बोलावले. अमेरिकेचे डेव्हिड स्मिथ यांनी व्होल्त्री येथील बंद पडलेल्या कारखान्यात तीस दिवसांत सत्तावीस शिल्पे केली. स्मिथ यांनी तरुणपणी मोटार कारखान्यात काम केले होते आणि ते स्वतः वेल्डिंग करत. १९६५ मध्ये पोलंडमधील एल्ब्लाँग येथे यंत्रकारखान्याच्या मदतीने अवकाशीय रूपांची द्वैवार्षिकी भरली आणि तिथली धातूची अमूर्त शिल्पे शहराच्या रस्त्यांवर कायमची राहिली.

सामग्रीच्या बाजूनेही मार्ग मोकळा झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेत हवामानरोधक पोलाद बाजारात आले. तांबे, क्रोमियम अशी मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात घातल्याने त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज मंदावतो. रंग न देता उघड्यावर ठेवता येणाऱ्या या पोलादात मोठी सार्वजनिक शिल्पे झाली. १९१६ मध्ये गाबो यांनी केलेल्या एका मस्तकशिल्पाची १९६४ मधली मोठी प्रतही याच पोलादाची आहे. ‘सेल’च्या, म्हणजे भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या, कारखान्यांत ‘सेलकॉर’ या नावाने असे पोलाद होते. ओले-कोरडे चक्र चालू राहिले तरच तो थर नीट बसतो. पाणी साचून राहिले तर पोलाद झिजते. म्हणून शिल्पाच्या भूमितीत पाण्याचा निचरा आधीच धरावा लागतो.

भिलाईकडे यासाठी लागणारे जवळजवळ सगळे आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजापासून १३० मीटर लांबीच्या अखंड रुळापर्यंतची सगळी साखळी इथे आहे आणि दोन रूळ जोडून २६० मीटरचे पॅनेल इथून रेल्वेला जाते. १९५६ मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय खैरागढला, म्हणजे जवळच आहे आणि तिथे चित्र-शिल्पाचे शिक्षण मिळते. २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आता इथे आहे. कारखान्याच्या वसाहतीत चौक, बागा आणि रुंद रस्ते आहेत. वेल्डर, फिटर आणि क्रेनचालक यांच्या तीन पिढ्या इथे नांदल्या आहेत.

चौकाचौकांत बसवलेल्या सुट्या यंत्रभागांना शिल्प म्हणण्याची सवय सगळ्या औद्योगिक शहरांना असते. विज्ञानातून आलेल्या शिल्पासाठी तेवढे पुरत नाही. त्यासाठी तीन अटी लागतात. शिल्पामागचा नियम खरा असावा आणि तो जाणकाराकडून तपासलेला असावा. त्या नियमापलीकडची निवड, म्हणजे माप, ठेवण, रंग, जागा, कलावंताची असावी. आणि शिल्पाच्या पायथ्याशी तो नियम साध्या मराठी, हिंदी आणि छत्तीसगढीत दोन-चार ओळींत लिहिलेला असावा, म्हणजे शाळकरी मुलाला तो मोजून पाहता येईल. ९१२ अंशांवर बदलणारी लोखंडाची मांडणी, २१ अंश अक्षांशाला बेतलेली सूर्यघडी, ६६ तासांत फेरी पुरी करणारा लंबक, हे तिन्ही विषय भिलाईचेच आहेत. कारखाना, विश्वविद्यालय आणि तंत्रज्ञान संस्था यांनी एकत्र बसून त्यांतला एक जरी निवडला आणि शहराच्या एका चौकात उभा केला, तर पोलाद घडवणाऱ्या या गावाला आपल्या पोलादाची भूमितीही दाखवता येईल. त्यासाठी नवीन कारखाना लागत नाही. तिन्ही संस्थांनी एकमेकांना पत्र लिहिण्यापासून सुरुवात करावी.